ज्वारीच्या आधी ‘श्री’ लावायला विसरू नका

गेल्या मंगळवारी माझा सत्कार झाला. तालुक्याला कार्यक्रम होता. ‘पौष्टिक तृणधान्य उत्पादक शेतकरी’ म्हणून फेटा, नारळ आणि ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा मिळाला. फोटो झाल्यावर फेटा काढून घेतला, भाड्याचा होता. घरी आलो तर पडवीत चौदा क्विंटल मालदांडी ज्वारी तशीच. तेव्हापासून मी तज्ज्ञ झालोय, आणि तज्ज्ञाने फुकट सल्ले द्यायचे असतात.

तर, ज्वारी पेरून श्रीमंत व्हायचं ठरवलं असेल तर आधी तोंड सुधारा. ज्वारी, बाजरी, नाचणी असलं गावंढळ काही बोलू नका. २०१८ साली सरकारने भरड धान्याचं पौष्टिक धान्य केलं, २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याचं ‘श्री अन्न’ झालं, आणि ते अख्खं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आपल्याच प्रस्तावावरून जगभर साजरं केलं. दिल्लीत खासदारांच्या पंगती उठल्या. आमची आजी जन्मभर काटवटीत भाकऱ्या थापत होती, तिला हे श्री अन्न आहे हे कळायच्या आत ती गेली.

बियाण्याची चिंता करू नका. मोफत किट येतं. पेरणी झाल्यावर येतं, पण येतं.

काढणीला मजूर मिळत नाहीत म्हणून रडू नका. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटायची असते, हात सोलून निघतात, बायका एकरी उक्तं मागतात आणि ते रास्तच आहे. दुपारी बांधावर त्यांचे डबे उघडले की त्यात बघा: रेशनचा भात. ज्वारी उपटणारीच्या डब्यात भाकरी नाही. अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ सालीच भरड धान्य एक रुपया किलोने द्यायचं लिहिलंय, आता तर धान्य फुकटच आहे. पण रेशनच्या पोत्यातून बहुतेक वेळा बाहेर पडतो तो गहू नाहीतर तांदूळ.

आता मुख्य सल्ला: हमीभावावर विश्वास ठेवा. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. गव्हाचा २,५८५. म्हणजे कागदावर आमची ज्वारी गव्हाच्या डोक्यावर बसलीय! फक्त एवढंच, की पंजाबात गहू मंडईत यायच्या आधी सरकारी खरेदीचा काटा लागलेला असतो, आणि आमच्याकडे आधी ई-पीक पाहणी करायची असते, म्हणजे पेरलेलं पीक सरकारी ॲपवर नोंदवायचं. मोबाईल घेऊन रानात उभं राहायचं. मी माझ्याच रानात, माझ्याच विहिरीच्या कडेला उभा, आणि ॲप म्हणतंय तुम्ही गटापासून लांब आहात. पुढे सरकलो, मागे सरकलो, शेवटी शेजाऱ्याच्या बांधावर चढलो तेव्हा कुठे मी माझ्या रानात असल्याचं ॲपने मान्य केलं. मग सातबारा, आधार, पासबुक, नोंदणी. मग मेसेजची वाट. ज्वारी फेब्रुवारीत निघाली, खरेदी केंद्राची नोंदणी सुरू झाली तोवर सोसायटीवाले मार्चअखेर कर्ज भरायचं सांगून गेले होते. मेसेज आला, टेम्पो केला, गेलो. साहेबांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले, फुंकर मारली आणि म्हणाले, ‘दाणा काळा पडलाय, अवकाळीत भिजलाय.’ पाऊस मी पाडला होता का? बरं, काळा म्हणजे किती, तर शंभरात चार दाणे. मी म्हटलं, चाळून देतो. म्हणाले, चाळा, पण बारदाना संपलाय, भरायला पोती नाहीत. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो तर कुलूप. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात ह्यांनी मला फेटा बांधला!

कडबा विका. खरी कमाई त्यातच, असं जुनी माणसं सांगतात. त्यासाठी गावात जनावरं असावी लागतात, एवढी एकच अडचण.

आणि प्रक्रिया उद्योगात उतरा. सत्कारातला तो पुडा मी उलटून बघितला. दीडशे ग्रॅम, नव्वद रुपये. म्हणजे किलोला सहाशे. मागे बारीक अक्षरात पहिला घटक मैदा, मग साखर, मग पामतेल, मग ज्वारीचं पीठ. नातवाने एक खाल्लं आणि राहिलेली कुत्र्याला टाकली.

काल चौदाच्या चौदा क्विंटल व्यापाऱ्याला घातली. २,७०० ने. त्याने दाणा काळा की गोरा बघितलं नाही, रोख दिले. सरकारच्याच भावाने धरलं तर १४,६८६ रुपये गेले. हे पैसे मी कोणाकडे मागायचे? व्यासपीठावर बसलेल्यांपैकी एकाने तरी विचारायचं होतं, ‘बाबा, तुझी ज्वारी गेली का?’ माझ्या हातात माईक दिला तो आभार मानायला. मानले मी. लाज वाटते आता.

तुम्हाला ज्वारी नको असेल तर सरळ सांगा, आम्ही घरापुरती पेरू. पण हवी असेल तर काटा फेब्रुवारीत लावा, बारदाना आधी आणून ठेवा, आणि घेतलेली ज्वारी त्याच तालुक्याच्या रेशन दुकानात टाका. उपटायला येणाऱ्या बायकांना तरी खाऊ द्या. यातलं काही जमत नसेल तर पुढच्या वर्षी मला बोलावू नका. नारळसुद्धा नासका निघाला.