१९२ किलोहर्ट्झ की दोन व्होल्ट? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार.

लॅपटॉपवर संगीत ऐकण्यासाठी बाह्य साउंड कार्ड (संगणकातील ध्वनीच्या आकड्यांचे हेडफोन वा स्पीकरसाठी विद्युत संकेतात रूपांतर करणारे वेगळे उपकरण) कसे निवडावे, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. टाइप-सी पोर्टला लावायच्या लहानशा अडॅप्टरची (तेही एक छोटे साउंड कार्डच) शिफारस करून मी वाचकांची दिशाभूल केली, हा पहिला. ध्वनीचे दर सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने (१९२ किलोहर्ट्झ) आणि प्रत्येक नमुना २४ बिटांत हाताळणाऱ्या कार्डावर आपल्याला जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतही पूर्वी न जाणवलेले बारकावे ऐकू आले, तरी मी त्या आकड्यांना गौण ठरवले, हा दुसरा. आणि आपले २५० ओहमचे, म्हणजे विजेला जास्त रोध करणारे, हेडफोन अशा अडॅप्टरवर क्षीण वाजतात, हा तिसरा. यांपैकी तिसरा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे आणि दुसऱ्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे, असे मला वाटते.

अशा अडॅप्टरमधून फार तर १ व्होल्टच्या आसपास विद्युतदाब मिळतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तेवढ्यात सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते. आपल्या २५० ओहमच्या हेडफोनला मात्र केवळ ४ मिलिवॉट. त्याऐवजी कार्ड २ व्होल्ट देणारे असेल, तर शक्ती चौपट म्हणजे १६ मिलिवॉट होते आणि आवाज ६ डेसिबलने वाढतो. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे साधे इअरफोन आणि ३२ ओहमचे हेडफोन होते, आणि ही मर्यादा मी तेथे स्पष्टपणे नोंदवायला हवी होती.

आता १९२ किलोहर्ट्झविषयी. ध्वनीचे दर सेकंदाला जितके नमुने घेतले जातात, त्याच्या निम्म्यापर्यंतच्या कंप्रता त्यांत पूर्णपणे नोंदवता येतात. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो, आणि माणसाच्या कानाची धाव तरुणपणी २० किलोहर्ट्झच्या आसपास असते व वयानुसार ती घटत जाते. बिटांचेही तसेच आहे. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि स्पूल टेपवर मुद्रित झालेल्या मैफलीतील टेपची सुरसुर त्या पल्ल्याच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. २४ बिटांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना होतो, कारण गायकाचा आवाज अचानक चढला तरी तो फाटू नये म्हणून पातळी निश्चिंतपणे खाली ठेवता येते. शिवाय मूळ फाइल ४४.१ ची असेल आणि विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये १९२ निवडलेले असेल, तर संगणक मधले नमुने गणिताने भरतो. मुद्रणात नसलेले त्यामुळे काहीही अवतरत नाही.

मग आपल्याला बारकावे ऐकू आले ते खोटे का? मुळीच नाही. तानपुऱ्याच्या जव्हारीतून उमटणारे वरचे स्वर आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आपल्याला नव्याने जाणवला, असे आपण लिहिले आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आवाज कमी असताना आपला कान खर्जाच्या आणि अतितार कंप्रतांना मधल्या पट्ट्यापेक्षा अधिक बधिर असतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. ४ मिलिवॉटवर कसेबसे वाजणारे हेडफोन नव्या कार्डावर पुरेशा आवाजात वाजू लागले की नेमकी हीच दोन टोके उघडतात. श्रेय व्होल्टचे आहे, पण खोक्यावर ठळक छापलेले असते ते १९२.

याची खात्री घरीच करता येईल. कमी व्होल्टचे एसी मापन करू शकणारा मल्टिमीटर घ्यावा, दोन्ही उपकरणांवर १०० हर्ट्झचा एकच सूर वाजवावा आणि हेडफोन जोडलेले असतानाच दोन्हींचा विद्युतदाब १ टक्क्याच्या आत जुळवावा. त्यानंतर कोणते उपकरण वाजते आहे हे आपल्याला कळू न देता घरच्या कुणाला तरी जोडणी बदलायला सांगावे. दहा-बारा फेऱ्यांत आपण सातत्याने अचूक ओळखलेत, तर माझे म्हणणे मी मागे घेईन.

पहिला आक्षेप मी वेगळ्या कारणासाठी अंशतः मान्य करतो, कारण लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडणाऱ्यांचा विचार मी केलाच नव्हता. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घरघर येणे आणि तो काढताच ती थांबणे, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. दोष अर्थिंगच्या मार्गाचा असतो, आणि यूएसबीची केबल तो मार्ग तसाच पुढे नेत असल्यामुळे महागडे कार्डही तेथे पुष्कळदा निरुपयोगी ठरते. ऑप्टिकल (ध्वनीचा संकेत प्रकाशाच्या रूपात पाठवणारे) आउटपुट असलेले कार्ड आणि तसाच इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर दोन्हींमधला विजेचा दुवाच तुटतो आणि या मार्गाने येणारी घरघर थांबते.

लेखात या दोन्ही दुरुस्त्या आजच केल्या आहेत. आपल्या कार्डाच्या माहितीपत्रकात २५० किंवा ३०० ओहमच्या भारावर किती व्होल्ट मिळतात याचा आकडा दिला असल्यास कृपया कळवावा. अधिक ओहमचे हेडफोन वापरणाऱ्यांसाठी तो लेखात जोडण्याची माझी इच्छा आहे.