रेड वाइनचं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे किती?
रेड वाइन ‘रूम टेंपरेचरला प्यावी’ एवढंच सांगितलं जातं. ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. नाशिकच्या उन्हाळ्यात तीस-बत्तीस अंशांची शिराझ (मिरीसारखा वास असलेली रेड वाइन) ओतली की नाकात आधी अल्कोहोलच झोंबतं, तो मिरीचा वास हरवतो, चव जॅमसारखी गुळमट लागते. बाटली तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. फार गार झाली तर टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट अंश, कच्च्या सुपारीसारखं जिभेवर बसतं. मग ग्लास तळहातात धरा, दहा मिनिटांत सुधारते.

जुन्या बोर्दोचं, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाइनचं, मात्र वेगळं. बाटली आदल्या दिवशीच उभी करा, गाळ खाली बसू द्या. बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून एका धारेत डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओता, गाळाची पहिली रेघ मानेत दिसली की थांबा. आणि अशी नाजूक वाइन तासन्‌तास डिकँटरमध्ये ठेवू नका, वास उडून जातो.