क्रूझरचं हँडल: काम ‘फक्त चार बोल्टचं’ नाही

क्रूझर म्हणजे पाय पुढे टाकून ऐसपैस बसून चालवायची मोटरसायकल. क्रूझरवाल्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: उंच हँडल काढा, बुटका-रुंद बार टाका, पाठदुखी जाते, गाडी हायवेला स्थिर होते, काम चार बोल्टचं. सोबत पुरावा म्हणून बजाज ॲव्हेंजर स्ट्रीटचा फोटो.

आधी पुरावाच बघू. बजाजने 2015 मध्ये ॲव्हेंजरची क्रूझ आणि स्ट्रीट अशी दोन रूपं आणली आणि स्ट्रीटचं हँडल बुटकं ठेवलं, हे खरं. रॉयल एनफिल्डनेही 2018 च्या थंडरबर्ड एक्सला तेच केलं. पण कारखान्यात केबल, ब्रेकचा होज, वायरिंग सगळं त्या बारच्या मापाने बसतं. गॅरेजमध्ये बदलतो तो नुसता बार.

आता पाठ. क्रूझरचे फूटरेस्ट पुढे असतात. पाय पुढे असताना हातही खाली नि पुढे गेले की माणूस कमरेत दुमडतो आणि खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला बसतो. कॅफे रेसरला (पुढे वाकून चालवायच्या, रेसच्या धाटणीच्या गाडीला) असा बार चालतो, कारण तिथे फूटरेस्ट मागे असतात, भार पायांवर घेता येतो. उंच, लांब हातांच्या माणसाला फायदा होतो, छातीवर वाराही कमी लागतो, हे मान्य. पाच फूट चार इंचवाल्याचं काय? आपल्याकडे यू-टर्न उजवीकडे, म्हणजे शेवटपर्यंत ताणला जातो तो डावा हात. क्लचचा.

स्थिरता ठरते फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कल, ट्रेल (स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) आणि व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) यांवर. बार त्यातलं काही बदलत नाही. बार रुंद म्हणजे तरफ लांब, त्यामुळे हँडल हलकं लागतं, एवढंच. वाऱ्याने खांदे हलले तर तो हिसकाही त्याच तरफेने पुढच्या चाकापर्यंत जातो.

आणि ते चार बोल्ट! स्विचच्या डब्यात आतून एक बारीक खुंटी असते. ती बारच्या भोकात बसते म्हणून डबा जागचा हलत नाही. बाहेरच्या बारला भोक जागेवर नसलं की काही मेकॅनिक ड्रिल शोधायच्या आधी खुंटीच घासून मोकळे होतात. मग रेस देताना डबाच फिरू शकतो. बार बसवून झाला की गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय. टाकी आणि ग्रिपमध्ये अंगठा चेपत असेल, तर तो बार तुमच्या गाडीचा नाही.

‘आरसीत हँडलचा रकाना कुठे असतो, मग बदलायला हरकत काय?’ असंही म्हणतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. हँडलसाठी कुणी आत जाईल असं मला वाटत नाही. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरशी वाद घालणं मात्र वेगळं.

पाठच दुखत असेल तर मूळ बारचे क्लॅम्प सैल करून तो थोडा आपल्याकडे फिरवून बघा, लिव्हरचा कोन पुन्हा जुळवा. पैसे लागत नाहीत.