व्हॅनमालकांनो, ड्रायव्हरचं ऐकू नका

ठाण्याहून महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत स्टाफ सोडायला तुम्ही 17 सीटची व्हॅन घेतली असेल, तर आधी अभिनंदन. पिवळ्या पाटीवर काळे आकडे उमटले, बोनेटला हार झाला, चाकांखाली लिंबं चिरडली, पेढे वाटले. आता गाडीवर ड्रायव्हर ठेवावा लागेल आणि नेमके इथेच भले भले मालक फसतात. ते त्याचं ऐकतात.

अजिबात ऐकू नका. ड्रायव्हर दिवसाचे दहा-बारा तास त्या गाडीत बसतो, तिची प्रत्येक खरखर त्याच्या कानावर असते. इतक्या जवळून बघणाऱ्याचं मत तटस्थ कसं असणार? तुम्ही गाडी महिन्याकाठी हिशेबाच्या दिवशी बघता, तीही बाल्कनीतून. बिघाडाचं निदान तुम्हीच करायला हवं.

पहिली परीक्षा क्लचची. एक दिवस तो म्हणेल, "शेठ, क्लच घसरतोय. रेस वाढते, पण गाडी ओढत नाही." यावर मालकवर्गाचं उत्तर ठरलेलं आहे: "तू अर्ध्या क्लचवर चालवतोस." तो चालवतोच. कासारवडवलीपासून गायमुखच्या चढापर्यंत, बंदरातून गुजरातला निघालेल्या कंटेनरच्या मागे, हातभर सरकायचं आणि थांबायचं, पुन्हा हातभर सरकायचं. तिथे पूर्ण क्लच सोडून गाडी कशी चालवायची, हे तुम्हाला विचारायची त्याची हिंमत नाही, त्यामुळे वाद तुम्हीच जिंकता.

क्लचची प्लेट पार जळून वास कापूरबावडीपर्यंत पोचला की गाडी वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गॅरेजात ओढून न्या. गिअरबॉक्स खाली उतरवून मेकॅनिक सांगेल, "प्रेशर प्लेटवर निळे डाग पडलेत, रिलीज बेअरिंगही वाजतंय. उतरवलंच आहे तर क्लचचा पूर्ण सेट टाकून घ्या." हा सापळा आहे. बाणेदारपणे म्हणा, "फक्त प्लेट टाका." सेटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे ते बेअरिंग, पण त्याच्यापर्यंत हात पोचायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. तो उतरेलच. मजुरी दोनदा द्याल, पण गॅरेजवाल्याने तुम्हाला गंडवलं नाही, याचं समाधान काही कमी नाही.

मग गाडी गरम व्हायला लागेल. ड्रायव्हर कूलंट मागेल. कूलंटने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, रेडिएटरला आतून गंज धरत नाही, वगैरे शास्त्र त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं. तुम्ही त्याला सोसायटीच्या बोअरचा नळ दाखवा. बोअरच्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, नळ्या अरुंद होतात आणि मे महिन्यात, एसी चालू, आत 17 माणसं, अशा अवस्थेत मुंब्रा बायपासच्या चढावर काटा लाल रेघेला टेकतो. ड्रायव्हर फोन करून विचारेल, "थांबू का?" उत्तर एकच: "आधी स्टाफ पोचव." एवढ्या एका वाक्यात इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकवायची ताकद आहे.

दुसऱ्या दिवशी तो तुमच्यासमोर ऑइलची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर पुसेल. काळं ऑइल असायला हवं तिथे टपरीवरच्या चहाच्या रंगाचा फेसाळ थर असेल. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सीलची पट्टी, गेली, पाणी ऑइलमध्ये उतरलं. तुम्ही फडक्याकडे बघून म्हणा, "फडकंच घाण आहे." गॅस्केट काही हजारांत मिळते. हेड उतरवून फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं, तर तेवढ्यावर निभावतंही. पण तसलंच ऑइल घालून आणखी थोडे दिवस गाडी पळवली, तर बेअरिंगं, क्रँक असं करत इंजिनाचं काम लाखाच्या पुढे सहज जातं. मोठ्या रकमेचा रुबाब वेगळाच. पाहुण्यांत सांगायलाही बरं, "इंजिन केलं."

1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 नियम आले आणि ड्रायव्हरच्या तक्रारींत नवी भर पडली. डॅशबोर्डवर दिवा लागला, की तो सांगणार, "डीपीएफ चोक होतोय. रात्री नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत एक फेरी मारून आणतो." मागणी ऐकताच संशय यायला हवा. एक्झॉस्टमधल्या त्या फिल्टरला साचलेली काजळी जाळायला साधारण 600 अंशांची धग लागते, ती मोकळ्या रस्त्यावर सलग पळाल्याशिवाय येत नाही आणि माजिवड्याच्या पुलाखाली उभ्या गाडीला जन्मात येणार नाही, हे सगळं खरं असेल. पण रिकाम्या फेरीचं डिझेल कोण देणार? दिव्यावर काळी टेप चिकटवा. पुढे गाडी स्वतःच पिकअप कमी करून रांगायला लागेल. मग फिल्टर उतरवून साफ करून घ्या, नाहीतर नवा टाका. नव्याचा भाव ऐकताना खुर्ची जवळ असू द्या.

ज्या गाड्यांना धूर स्वच्छ करायला युरियाच्या द्रावाची वेगळी टाकी असते, त्यांच्या मालकांना तर काटकसरीचं मोकळं रानच मिळालं आहे. त्या द्रावात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. गावाला खताची गोणी पडलेलीच असते, बादलीत ढवळायला किती वेळ लागतो? खतातली अशुद्धी इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट तुंबवते, म्हणून ड्रायव्हर कुरकुरेल. त्याच्या हातात बादली द्या.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे मालकांना सल्ला लागतच नाही. गुडघाभर पाण्यात बंद पडलेली गाडी "एक सेल्फ मारून बघ" म्हणायला सगळे फोनवर हजर असतात. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं, जे तुम्ही प्रीमियम वाचवायला काढून टाकलेलं असतं.

बिलाचं म्हणाल तर कच्चंच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्याच सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी झाला, आधी बऱ्याच भागांवर 28 होता. आता कर उतरला आहे, तरी वाचवायची सवय मोडू नये. पार्ट डुप्लिकेट निघाला, की दाखवायला कागद नाही, मग भांडणही नाही. डोक्याला ताप नको.

पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचं, तेवढं लक्षात ठेवा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. त्या दिवसापुरते कोणाचे तरी चांगले टायर मागून आणा आणि संध्याकाळी आपले गुळगुळीत पुन्हा चढवा. बदलायचं काम ड्रायव्हरचं.

एवढं सगळं निगुतीने केलंत, की गाडी पाच-सहा वर्षांतच विकायला निघेल. जाहिरातीत 'सिंगल हँड, फुल मेन्टेन्ड' असं टाका. इंजिन वाफेने धुऊन घ्या, सीटवर नवी कव्हरं चढवा. सरकत्या दाराचा रोलर तुटलाय, म्हणून दार आधीच उघडून ठेवा. गिऱ्हाईक अनुभवी असेल, तर तुमच्याशी बोलणारच नाही, थेट ड्रायव्हरला गाठून गाडी कशी आहे ते विचारेल. तेव्हा त्या दिवशी त्याला सुट्टी द्या. पगारी द्या, नाहीतर तो येऊन बसेल.