तिकडे बसून

पुण्यातल्या एका शाळेने आठवीच्या मुलांसाठी चार शनिवारांचा कार्यक्रम आखला होता. पहिल्या शनिवारी नदीकाठचा शेख सल्ला दर्गा, दुसऱ्या शनिवारी लष्करातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, आणि एक चर्च, तिसऱ्या शनिवारी गुरुद्वारा आणि बुद्धविहार. शेवटच्या शनिवारी मुलांनी आणि आईबापांनी एकत्र बसून युद्ध, निर्वासित, गरीब देशांवरची कर्जं, पाऊसपाणी यांवर बोलायचं. माझा भाचा त्याच शाळेत आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस भांडण झालं आणि चारही शनिवार रद्द झाले. मी वहिनीला एवढंच लिहिलं की बेत चांगला होता, व्हायला हवा होता. तिचं उत्तर आलं, ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय?’

पंधरा दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही. इथे इंग्लंडात, लेस्टरला, टेस्कोच्या दुकानात रांगेत उभी असते, बसमध्ये असते, आणि मनातल्या मनात वहिनीला उत्तरं देत असते. आज ती लिहून काढते.

ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते भाच्याने मला पाठवलं होतं. एका बाबांचं म्हणणं, आपली राज्यघटना सेक्युलर आहे, शाळेत धर्म नकोच. हे वाचून मी खरोखर चिडले. घटनेचं २८वं कलम संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं, हे खरं. पण धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांची ओळख करून देणं वेगळं. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा फरक स्पष्ट केला आहे: धर्मांविषयी शिकवायला घटनेची आडकाठी नाही. विद्येच्या माहेरघरात ही गोष्ट मी लेस्टरहून सांगायची का?

माझी मुलगी इथे इयर एटमध्ये, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. तिला गणितासारखाच आरईचा, म्हणजे रिलिजस एज्युकेशनचा, तास असतो. त्याचा अभ्यासक्रम कौन्सिलचे लोक, शिक्षक, चर्च ऑफ इंग्लंड आणि बाकीच्या धर्मांची माणसं एकत्र बसून ठरवतात. ज्या आईबापांना पटत नाही त्यांनी मुलाला त्या तासातून काढून घ्यावं, ही मुभा १९४४ च्या कायद्यापासून आहे. माझ्या मुलीला जकात म्हणजे काय ते सांगता येतं, ज्यूंचा पेसाह सण सांगता येतो, लंगर कशासाठी ते सांगता येतं, आणि आमच्या घरात गणपतीच्या आरत्याही तिलाच सगळ्यांत जास्त पाठ आहेत. तिच्या वयाच्या पुण्यातल्या मुलांना यातलं निम्मंही येत नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

‘आधी आपलं तरी येऊ दे, मनाचे श्लोक म्हणता येत नाहीत’ असं एका आईने लिहिलं होतं. त्या काळजीशी माझं भांडण नाही. मुलगी इथे जन्मली तेव्हा मला तीच काळजी होती. पण दुसऱ्याचं कळल्याने आपलं विसरतं, असं एकही मूल मला इथे भेटलेलं नाही.

सर्वांत जास्त लागलं ते शेवटच्या शनिवारबद्दलचं. ‘जगाच्या भानगडींशी पुण्याच्या मुलांना काय करायचंय?’ अहो, १८७३ साली याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडच्या गुलामांशी आपलं नातं दिसलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एक घर आहे. त्या घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावी, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता एकत्र नांदावं. फुलेवाड्यात शाळेच्या सहली जातात, फोटो निघतात. हे घर मुलांना कोण सांगतं?

मी स्वतः ते घर पुण्यात वाचलं नाही, इथे वाचलं. दर मंगळवारी संध्याकाळी एका चर्च हॉलमध्ये आमचा वर्ग भरतो. मेथडिस्ट आजीआजोबा, भरूचकडचे मुसलमान, दोन शीख बहिणी, एक सोमाली तरुण, मी. ज्याची पाळी तो बिस्किटं आणतो. विषय शांततेचा आणि जगातल्या न्याय-अन्यायाचा, आणि प्रत्येकाने आपल्या घरातलं, आपल्या पोथीतलं काहीतरी घेऊन यायचं. एका मंगळवारी कर्ज हा विषय होता. आजोबांनी १६ मे १९९८ चा दिवस सांगितला: बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांचे पुढारी जमले होते आणि गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात धरून साखळी केली होती. त्या चळवळीचं ‘ज्युबिली २०००’ हे नाव बायबलमधल्या पन्नासाव्या वर्षावरून घेतलेलं, ज्या वर्षी कर्जात अडकलेल्याला जमीन आणि मोकळीक परत द्यायची. मग भरूचच्या मासी व्याजाबद्दल बोलल्या, कुराणात ते का निषिद्ध आहे ते.

मग माझी पाळी आली. क्षणभर मला काही सुचेना, आणि मग तुकोबा आठवले. दुष्काळानंतर घरच्या सावकारीची खतं समोर घेऊन बसलेले तुकोबा. अर्धी भावाला दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाही, चांगल्या इंग्रजीत सांगितलं, तरी गळा दाटला. लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण तोवर मला ती फक्त भक्तीची गोष्ट वाटायची. कर्जदारांची गोष्ट म्हणून ती मला पहिल्यांदा दिसली ती लेस्टरच्या चर्च हॉलमध्ये, एका मुसलमान बाईशेजारी बसून. ‘आधी आपलं येऊ दे’ म्हणणाऱ्या त्या आईला मला हे सांगायचं आहे. आपलं मला असं आलं.

त्याच तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते, मग पुढे सरकते. पालखी नाना पेठेत मुक्कामाला आली की आई आम्हाला दर्शनाला न्यायची, रांगेत तासन् तास उभं राहून पाय दुखायचे, आणि घरी येताना हातात राजगिऱ्याचे लाडू असायचे. दरवर्षी जून-जुलैमध्ये मी इथे फोनवर ती गर्दी बघत बसते. पालखी जिथे थांबते तिथे मुलांची बस थांबली तर काय बिघडतं?

हे मी वहिनीला लिहिलं, तर तिचं उत्तर तयार होतं. ‘अनगडशाह वेगळे. शेख सल्ल्यांच्या जागी पुण्येश्वराचं आणि नारायणेश्वराचं देऊळ होतं. तिथे मुलांना नेऊन काय सांगणार?’ परंपरा तसं सांगते, मीही तेच ऐकत वाढले. मी तिला इथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिराचं उदाहरण दिलं. जुन्या चर्चची इमारत, आत संगमरवरी खांब, आणि शहराला त्याचा अभिमान. ती म्हणाली, ‘ते विकत घेतलं असेल, पाडलं नाही.’ बरोबर बोलली. उदाहरण लागू पडत नव्हतं, मला हवं होतं म्हणून मी ते दिलं. पण मग हेच मुलांना तिथे उभं करून सांगावं ना. देवळाची आठवण सांगावी, सूफी अवलियाची सांगावी, आज तिथे चादर घेऊन कोण येतं ते मुलांनी बघावं. नाहीतर मुलं ते कुठून शिकणार आहेत? फोनवरून.

आणि इथे मला थांबावं लागतं, कारण वहिनीचा पुढचा मेसेज असा होता: ‘तो देवळाचा व्हिडिओ तूच पाठवला होतास ना?’

ऑगस्ट २०२२ मध्ये दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला आणि त्यानंतर आमच्या शहरात तीन आठवडे आग धुमसत राहिली. हिंदू मुलं, मुसलमान मुलं, तोंडं झाकून रस्त्यावर. एका मुलीला पळवायचा प्रयत्न झाल्याची अफवा उठली, पोलिसांनी सांगितलं तसं काही घडलेलं नाही. सप्टेंबरच्या मध्याला ग्रीन लेन रोडवर मोर्चा, बेलग्रेव्ह भागात देवळाचा झेंडा उतरवलेला. मी मुलीला दोन दिवस शाळेत पाठवलं नाही. त्या शनिवारी रात्री माझ्या फोनवर देऊळ जळतानाचा व्हिडिओ आला आणि मी तो पुण्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बघा आमची काय अवस्था आहे.’ तो लेस्टरचा नव्हताच. दोन दिवसांनी मला ते कळलं. मंगळवारी शहरातल्या हिंदू आणि मुसलमान पुढाऱ्यांनी एका मशिदीच्या पायऱ्यांवर उभं राहून एकत्र निवेदन वाचलं, ते मी टीव्हीवर बघितलं, रडले, आणि ग्रुपवर काहीही लिहिलं नाही. व्हिडिओ खोटा होता हेही लिहिलं नाही. लाज वाटली म्हणून नाही लिहिलं, आणि थोडं यासाठीही की सगळे माझी काळजी करत होते. इतक्या वर्षांनी पुण्याला मी परत आपली वाटत होते.

त्या शनिवारी रात्री अकराला भरूचच्या मासींचा फोन आला होता, तू घरी आहेस ना, दाराला कडी लाव म्हणून. तो फोन ठेवून मी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता. या क्रमाचं काय करायचं मला अजून समजलेलं नाही.

वहिनीची भीती माझ्या फोनवरून तिच्या घरात गेली. मग तिने मला ‘तिकडे बसून’ म्हटलं तर मी कशी चिडू? मंगळवारी दोन तास मी ज्यांच्याशेजारी बसते ते सोपं आहे, इथे आम्ही सगळेच थोडेथोडके, सगळेच बाहेरचे. माझं माहेर कसब्यात. शेख सल्ल्यांचा दर्गा तिथून दहा मिनिटांवर. बावीस वर्षं मी त्याच्यावरून ये-जा केली आणि एकदाही आत पाऊल टाकलं नाही. मोमीनपुऱ्यातली एकही मैत्रीण मला नव्हती. पुण्यात मी जे केलं नाही, ते पुण्याने आता करावं म्हणून मी भांडते आहे.

परवा मी घरच्या ग्रुपवर लिहिलं की २०२२ चा तो व्हिडिओ खोटा होता, मला तेव्हाच कळलं होतं, मी सांगितलं नाही. दादाने काही लिहिलं नाही. वहिनीनेही नाही. रात्री भाच्याचा वेगळा मेसेज आला: ‘आत्या, तू डिसेंबरमध्ये येशील तेव्हा आपण दोघं जाऊ या का दर्ग्यात? आईला विचारतो आधी. आत जाताना डोक्यावर काय घ्यायचं असतं?’

मला ठाऊक नव्हतं. मंगळवारी मासींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला साधा धुतलेला रुमाल चालेल, तुला ओढणी, आणि चप्पल बाहेर.