तहान लागण्याआधीची विहीर

मान धरली की माणसाला हाकेला ओ देण्यासाठी अख्खा देह वळवावा लागतो, हे मला एका सोमवारी कळलं. दात घासता घासता मी फक्त डावीकडे पाहिलं होतं. एवढाच गुन्हा. पुढचे चार दिवस मी बांधकामावरच्या क्रेनसारखा घरभर फिरत होतो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मान आणि खांद्याच्या मधल्या ट्रॅपिझियस नावाच्या स्नायूवर नुसतं बोट ठेवलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. "डोकं साधारण पाच किलोचं असतं," त्या म्हणाल्या. (बरं वाटलं. माझ्या डोक्याला आजवर कुणी एवढं वजन दिलं नव्हतं.) "ते तुम्ही दिवसभर पुढे झुकवून ठेवता. मागचे स्नायू बिचारे ते ओढून धरतात. रोज मानेचे व्यायाम करा, तासातासाला खुर्चीतून उठा आणि हवं तर दर तीन आठवड्यांनी मालीश करून घ्या. पण दुखायची वाट बघू नका." तीन उपायांपैकी ज्यात आडवं पडायचं होतं तो मी ताबडतोब निवडला. व्यायाम सर्वात महत्त्वाचा, असंही त्या म्हणाल्या होत्या बहुतेक.

आडवं पडणं म्हणजे आराम, ही माझी समजूत पहिल्याच दिवशी निकालात निघाली. मालीशच्या टेबलाला डोक्याच्या बाजूला एक भोक असतं. त्यात तोंड घालून पालथं पडायचं. जगाशी संबंध उरतो तो मालीशवाल्या काकांच्या चपलांपुरता. त्या चपला डावीकडे सरकल्या की डाव्या खांद्यावर संकट येणार, एवढं मी तिसऱ्या खेपेपर्यंत शिकलो. अंगठ्याची जागा कोपराने घेतली की चपला जरा लांब जातात. कोपर का, म्हणून एकदा कळवळून विचारलं. "दिवसभर अंगठ्याने दाबलं तर अंगठे कामातून जातात, साहेब." म्हणजे काका स्वतःच्या अंगठ्यांची प्रतिबंधक काळजी घेत होते. माझ्या पाठीवर.

"दाब बरोबर आहे ना?" हा प्रश्न काका दर पाच मिनिटांनी विचारतात. याचं खरं उत्तर देणारा माणूस मला भेटायचाय. मी "हो हो, छान" म्हणतो, पण तोंड भोकात असल्यामुळे तो आवाज विव्हळल्यासारखा येतो आणि काकांना वाटतं, गाठ सापडली. मग ते तिथेच मुक्काम करतात. वरून म्हणतात, "अंग सैल सोडा." आपल्या बरगड्यांमध्ये दुसऱ्याचं कोपर असताना अंग सैल सोडायला योगी लागतो.

प्रकारांची नावं मात्र मोठी गोड. आधी लांब हात फिरवणं, ते इफ्लुराज. मग स्नायू मुठीत धरून मळणं, ते पेट्रिसाज. शेवटी चापट्या, म्हणजे टॅपोटमाँ. ही नावं रूढ करण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या योहान मेझगर या डॉक्टरांना देतात. डॉक्टर डच, नावं फ्रेंच, पद्धतीला म्हणतात स्वीडिश आणि ओरडायचं मी, मराठीत. पेट्रिसाजला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, कणीक तिंबणे. त्याचा दुसरा अर्थही इथे चपखल बसतो.

सुरू करण्याआधी काका दर वेळी चौकशी करतात. ताप आहे का? अंगावर पुरळ? रक्त पातळ करायची गोळी? एकाच पोटरीला सूज, दुखणं? तसं असेल तर मालीश नाही, आधी डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. प्रश्न गंभीर आहेत, पण मी उत्तरं मोठ्या आशेने शोधतो. एकदा "जरा कणकण वाटतेय" म्हणून पाहिलं. काकांनी थर्मामीटर काढला.

मालीशने अंगातलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, असं एक मित्र छातीठोकपणे सांगतो. ते व्यायामानंतर तासाभरात शरीर आपलं आपण निस्तरतं, त्याला काकांची गरज नसते. आणि मुळात ते साचेल एवढा व्यायाम मी करतो, हा माझ्यावर सरळसरळ आरोप आहे. मला पटतं ते चरकसंहितेतलं. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसे मजबूत होतात, तसं तेल चोळलेलं शरीर दृढ आणि क्लेश सहन करणारं होतं. बाकीचं माहीत नाही, पण क्लेश सहन करण्याचा सराव टेबलावरच होतो. जोरात रगडलं असेल तर पुढचा एक-दोन दिवस घरी येऊनही होतो. दुखू नये म्हणून केलेल्या गोष्टीने दुखतं, आणि त्यावर तक्रार केली की सगळे म्हणतात, "म्हणजे लागू पडलंय!"

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे मान्य. पण आधी खोदायची ती माझ्याच पाठीत, हे म्हणीत कुठे सांगितलंय?

खरी पंचाईत पुढे आहे. मालीशने झोप बरी लागते, दोन दिवस खांदे कानांपासून खाली उतरतात, इथवर मी शपथेवर सांगेन. पण मान धरली नाही, ती कशामुळे? न झालेल्या दुखण्याची पावती कोण देणार? एकदा चहा पिताना मी बायकोला अभिमानाने सांगितलं, "ऐंशी दिवस झाले, मान एकदाही धरली नाही."

"माझीपण नाही," ती म्हणाली. "आणि मला कुणी रगडलंही नाही."

शास्त्रात याला नियंत्रण गट म्हणतात. आमच्याकडे तो चहात बिस्किट बुडवत होता. त्या रात्री मी पुढची खेप रद्द करायला काकांना फोन केला. म्हटलं, सध्या काही होत नाहीये. काका म्हणाले, "अहो साहेब, काही होत नसतं तेव्हाच तर यायचं!" पुन्हा जावं लागलं.

आणि परवा सकाळी आतल्या खोलीतून "आई गं!" ऐकू आलं. जाऊन पाहतो तर नियंत्रण गट पलंगाच्या कडेला बसलेला, मान उजवीकडे वाकडी, आणि माझ्याकडे बघायला अख्खा देह वळवत होता. मी गरम पाण्याची पिशवी आणली, उशी लावली, चेहरा जितका गंभीर ठेवता येईल तितका ठेवला. तरी तिने ओळखलंच. "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा," म्हणाली.

हसलो नाही. उलट शनिवारची काकांकडची माझी वेळ तिच्या नावावर करून टाकली. नाहीतरी मला सध्या काही होत नाहीये.