मान वाकडी करून गाडी चालवणाऱ्यांनो, बस करा आता

आज परत तेच. जळगावात आकाशवाणी चौकात सिग्नल सुटला तरी पुढचा भाऊ हलेना, का तर मोबाईल कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, मागे बायको, टाकीवर तीनेक वर्षांचं पोरगं हँडल धरून बसलेलं आणि हा कपाशीचा भाव विचारतोय! अरे भो, दोन मिनिटं गाडी बाजूला लावली तर काय भाव पडणारे का? हायवेला मागून केळीचे ट्रक सुसाट येतात, ते काय तुझा कॉल संपायची वाट बघतील?

घरी आलो तर तिथेही तेच. मे महिना, पारा ४५ ला टेकलेला आणि फोन चार्जिंगला लावून उशीखाली, हात लावला तर तव्यासारखा. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय तरी वापरणं चालूच! कितीदा सांगायचं?

आणि आमचे काका, पैसे येतील म्हणून यूपीआय पिन टाकून बसले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हो! लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा सोडून लोक काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प बसले, तेच दोन दिवस नडले.